ब्रेड आणि पाव फ्रीजरमध्ये ठेवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे असो की नवी मुंबई, जून ते सप्टेंबर हवा इतकी दमट असते की ओट्यावरच्या ब्रेडवर तिसऱ्या दिवशी हिरवे ठिपके दिसायला लागतात. मग तो फ्रिजमध्ये जातो आणि तिथे वातड होतो. खालची उत्तरं बेकरीचा लादी पाव, पिशवीतला कापलेला ब्रेड, कडक कवचाचा ब्रुन पाव आणि घरी भाजलेला लोफ या सगळ्यांना लागू आहेत. ‘फ्रिज’ म्हटलं की खालचा भाग आणि ‘फ्रीजर’ म्हटलं की बर्फाचा कप्पा, असं धरून वाचा.

फ्रिजमध्ये ठेवला तर काय बिघडतं? फ्रीजरच कशाला?

फ्रिजमध्ये बुरशी उशिरा येते, हे खरं. पण ब्रेड शिळा मात्र लवकर होतो. भाजताना मैद्यातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि मऊ होतो. ब्रेड गार झाला की हाच स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट बांधला जातो, त्याचे बारीक स्फटिक होतात. आपण ज्याला शिळेपणा म्हणतो तो मुख्यतः हा बदल. पाणी उडून जाणं ही त्यातली वेगळी भर. म्हणूनच पिशवीचं तोंड घट्ट बांधलेलं असूनही ब्रेड शिळा होतोच.

हा बदल सर्वांत वेगाने होतो तो शून्याच्या जरा वर, म्हणजे नेमका फ्रिजच्या ० ते ५ अंश तापमानात. उणे १८ अंशांवर तो जवळजवळ थांबतो. तेव्हा हिशेब सोपा आहे: दोन दिवसांत संपणार असेल तर ब्रेड बाहेर ठेवा, नाहीतर फ्रीजरमध्ये. मधली जागा ब्रेडसाठी नाही. अपवाद एकच. पावसाळ्यात ब्रेड चार दिवस पुरवायचा असेल आणि प्रत्येक स्लाइस भाजूनच खाणार असाल, तर फ्रिज चालेल. स्टार्चचे हे स्फटिक साधारण ६० अंशांच्या पुढे वितळतात, त्यामुळे भाजल्यावर ब्रेड पुन्हा मऊ लागतो. पण तो गार व्हायच्या आत खायचा.

आमचा फ्रिज एका दाराचा आहे. त्याच्या बर्फाच्या कप्प्यात चालेल का?

आधी कप्प्याच्या झाकणावर किंवा माहितीपुस्तिकेत चांदण्यांची खूण आहे का ते पाहा. एक चांदणी म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२ आणि तीन म्हणजे उणे १८ अंश. दारावरच्या लेबलवर वीजबचतीचे तारे असतात ते वेगळे. त्यांचा थंडाव्याशी संबंध नाही.

उणे ६ वर ब्रेड कसाबसा गोठतो आणि आतला स्टार्च घट्ट होणं चालूच राहतं. अशा कप्प्यात चार-पाच दिवसांपलीकडे ठेवू नका. उणे १२ वर दोन ते तीन आठवडे चांगले जातात. खूण सापडत नसेल तर आइस्क्रीम ठेवून बघा. चमचा सहज रुतत असेल तर कप्पा ब्रेड साठवण्याइतका थंड नाही. बर्फाचा थर बोटभर जाड झाला असेल तरी थंडावा कमी पडतो, म्हणून पाऊस सुरू होण्याआधी एकदा डीफ्रॉस्ट करून घ्या.

पूर्ण थंड फ्रीजरमध्ये किती दिवस टिकतो?

खाण्यालायक बराच काळ राहतो. चवीचा विचार केला तर साधा ब्रेड आणि लादी पाव एक महिना, आणि नीट दुहेरी गुंडाळला असेल तर फार तर तीन महिने. दूध, लोणी किंवा साखर घातलेले मऊ बन जास्त चांगले निघतात, कारण चरबी आणि साखर शिळेपणाचा वेग मुळातच कमी करतात. बिनतेलाचा, जाड कवचाचा पाव सर्वांत आधी बिघडतो.

ज्या अवस्थेत ब्रेड आत जातो त्याच अवस्थेत, किंवा त्याहून किंचित वाईट, तो बाहेर येतो. त्यामुळे ‘आता उद्या कोणी खाणार नाही’ असं वाटल्यावर चौथ्या दिवशी आत टाकलेल्या ब्रेडकडून फार अपेक्षा ठेवू नका. गोठवायचा तर आणला त्याच दिवशी.

संध्याकाळी बेकरीतून गरम लादी आणली. लगेच आत टाकू का?

नाही. गरम पावातून वाफ निघत असते. ती पिशवीत अडकली की थेंब होतात, थेंबांचा बर्फ होतो आणि वितळताना तो पावाच्या बुडाला ओलं करतो. शिवाय गरम लादीमुळे छोट्या कप्प्याचं तापमान वर जातं आणि शेजारचे मटार अर्धवट सुटतात.

लादी कागदातून काढा, जाळीवर किंवा उपड्या चाळणीवर ठेवा, वरून कोरडं फडकं टाका. पावाला तासभर पुरतो. घरी भाजलेल्या लोफला दोन ते तीन तास द्या. वरून गार लागला तरी मधला भाग उशिरापर्यंत गरम असतो, म्हणून हात बुडाशी लावून पाहा. मात्र रात्रभर उघडा ठेवू नका, पावसाळ्यात तर नाहीच.

पाव वर्तमानपत्रात बांधून आला असेल तर घरी येताच कागद बाजूला करा. शाई अन्नाला लागते, आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१८ च्या पॅकेजिंग नियमांनी वर्तमानपत्रात अन्न बांधायला मनाईच केली आहे.

नीट पॅक कसं करायचं?

ब्रेडच्या आकारमानात बरीचशी हवाच असते आणि हवेतून थंडावा हळू शिरतो. अख्खा ४०० ग्रॅमचा ब्रेड पिशवीसकट आत सारला तर मध्यभाग गोठायला काही तास लागतात आणि तोवर तो शिळेपणाच्या पट्ट्यातच असतो. म्हणून लहान आणि चपटी पाकिटं करा.

लोफ आधी कापा. गोठलेला कापताना सुरी निसटते. एका वेळी घरात जितके लागतात तितक्याच स्लाइस एका पाकिटात घ्या, साधारण चार ते सहा. प्रत्येक दोन स्लाइसच्या मध्ये बटर पेपरचा तुकडा ठेवला तर एकच काढता येते. लादीचे पाव सुटे करा, पण पावभाजीसाठी मधून कापून ठेवू नका. कापलेली बाजू फार लवकर कोरडी पडते.

आता पहिला थर: क्लिंग फिल्म किंवा फॉइल, ब्रेडला अगदी चिकटून. दुसरा थर: झिपवाली जाड पिशवी. झिप बोटभर उघडी ठेवून पिशवी तळहाताने बुडाकडून तोंडाकडे दाबत आणा, उरलेली हवा स्ट्रॉने ओढून घ्या आणि बंद करा. मऊ पाव चेपतील इतकं ओढू नका. पिशवीवर तारीख आणि नग मार्करने लिहा, तेही ब्रेड भरण्याआधी. गार आणि ओलसर प्लास्टिकवर शाई धरत नाही.

पहिले चार-पाच तास पाकिटं एका थरात, कप्प्याच्या थंड पत्र्याजवळ पसरून ठेवा. घट्ट झाली की एकावर एक रचा. आधीच रचली तर खालचे पाव चपटे होतात आणि तसेच गोठतात.

ब्रेड ज्या पिशवीत येतो तीच पुरेशी नाही का?

आठवडाभरासाठी पुरेशी आहे, त्यापुढे नाही. ती पिशवी दुकानातल्या चार दिवसांसाठी बनवलेली असते: पातळ, तोंड सैल, आत भरपूर हवा. ती तशीच ठेवून वरून झिपची पिशवी घातली तर काम भागतं. छापील पिशवी उलटी करून वापरायची सवय मात्र सोडा, छपाईची बाजू ब्रेडला लागता कामा नये.

मग कोणती पिशवी, कोणता डबा?

झिपच्या फ्रीजर पिशव्या पॉलिथिनच्या असतात. त्रिकोणात ४ हा प्लास्टिकचा प्रकार सांगणारा आकडा, हाताला मऊ, जरा दुधी, ताणली की ताणणारी. हे प्लास्टिक उणे १८ अंशांतही लवचीक राहतं. ‘अन्नासाठी’ असं लिहिलेली आणि ५० मायक्रॉनच्या पुढची घ्या.

किराणा दुकानात सुटा माल भरायला मिळते ती चकचकीत, चुरचुर वाजणारी पिशवी बहुधा पॉलिप्रॉपिलिनची, म्हणजे ५ आकड्याची असते. बाहेर ती मजबूत वाटते. पण हे प्लास्टिक शून्याच्या आसपास ठिसूळ होतं आणि घडीवर तडकतं. बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही. महिन्याने कोरडा पडलेला ब्रेड तेवढा दिसतो. बऱ्याचदा दोष फ्रीजरला दिला जातो आणि खरी गडबड पिशवीत असते.

फॉइल हवा आणि वास दोन्ही उत्तम अडवतं, पण पातळ फॉइलला घडीवर आणि ब्रेडच्या कोपऱ्यांवर भोकं पडतात. म्हणून ते आतला थर म्हणून ठीक, एकटं नको. क्लिंग फिल्मचंही तेच: चिकटून बसते म्हणून आत चांगली, पण वास तिच्यातून आरपार जातो.

स्टीलच्या डब्यात ब्रेड सुटा ठेवला तर डब्यातल्या रिकाम्या जागेत त्याचं पाणी जाऊन झाकणाच्या आतून बर्फ धरतं. आधी पिशवी, मग डबा, असं केलंत तर चेपण्यापासून पक्कं संरक्षण मिळतं. रंगीत कॅरीबॅग कधीच नको. ती बहुधा पुनर्वापरातल्या प्लास्टिकची असते, अन्नासाठी नव्हे.

झिपची पिशवी धुऊन परत वापरता येते. कोमट पाणी, थोडा साबण, मग पेल्यावर उपडी घालून पूर्ण कोरडी. तिच्यात एकदा कोळंबी ठेवली असेल तर ती पुढेही कोळंबीचीच.

रबरबँड लावला तर?

थंडीत रबर ताठरतं. साधी सेलोटेपही सुटून येते. तोंड पिळून चिमटा लावा किंवा गाठ मारा. स्टेपलरची पिन नको.

पिशवीत बर्फाचा भुगा दिसतो. पाणी शिरलं का?

बाहेरून काही शिरलेलं नाही, ते ब्रेडचंच पाणी आहे. साध्या पांढऱ्या ब्रेडच्या वजनात एक तृतीयांशाहून जास्त पाणी असतं. फ्रीजरचं तापमान वर-खाली होतं तेव्हा ब्रेडमधलं पाणी वाफेच्या रूपात थोडंथोडं बाहेर येतं आणि पिशवीच्या गार भिंतीवर बर्फ होऊन बसतं. परत आत जात नाही. पिशवीत हवा जितकी जास्त, तितका भुगा जास्त.

दोन दारांच्या फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ साचू नये म्हणून दिवसातून काही वेळा आतला हीटर चालतो. त्यामुळे कप्पा स्वच्छ राहतो, पण नीट न गुंडाळलेल्या ब्रेडला त्याचा त्रास जास्त होतो. पाकिटं दारातल्या खणात न ठेवता मागे ठेवा. थोडा भुगा असेल तर स्लाइस झटकून भाजा. मूठभर असेल तर तेवढं पाणी ब्रेडमधून गेलं असं समजा.

कडेला पांढरे, खरखरीत डाग आहेत. बुरशी आहे का?

हीच प्रक्रिया पुढे गेली की ब्रेडची कड अशी सुकते. याला फ्रीजर बर्न म्हणतात. खायला धोका नाही, चव पुठ्ठ्यासारखी लागते. कड कापा, बाकीचं वापरा. डाग केसाळ, हिरवा, काळा किंवा निळसर असेल तर ती बुरशी. तो अख्खा ब्रेड टाका. मऊ ब्रेडमध्ये बुरशीचे धागे दिसणाऱ्या डागाच्या बरेच पलीकडे गेलेले असतात. गोठवल्याने बुरशी मरत नाही, थांबते फक्त. बाहेर काढल्यावर जिथे होती तिथून पुढे सुरू.

पावाला बोंबलाचा वास लागला. काय करता येईल?

लागलेला वास काढता येत नाही. गरम केल्यावर तो आणखी कळतो. मासळी घट्ट झाकणाच्या डब्यात आणि खाली, ब्रेड दुहेरी पिशवीत आणि वर. फ्रीजरमध्ये सोललेला लसूण किंवा चिरलेला कांदा ठेवत असाल तर त्यालाही हाच नियम.

वितळवायचा कसा? दर वेळी वेगळा निघतो.

वेगळा निघतो कारण वितळताना ब्रेडला पुन्हा त्याच ० ते ५ अंशांच्या पट्ट्यातून जावं लागतं. तिथे जितका रेंगाळेल तितका शिळा. रात्री फ्रीजरमधून काढून फ्रिजमध्ये ठेवण्याची पद्धत म्हणूनच सर्वांत वाईट. उष्णता द्या, आणि पटकन द्या.

स्लाइस फ्रीजरमधून थेट टोस्टरमध्ये, नेहमीपेक्षा एक आकडा जास्त. तव्यावर करायच्या तर मंद आच, झाकण ठेवून पहिली बाजू दीड मिनिट, मग झाकण काढून दोन्ही बाजू खरपूस. आच मोठी ठेवली तर बाहेरून करपतात आणि मधे गार राहतात.

लादी पाव मिसळीबरोबर मऊ हवा असेल तर इडलीच्या भांड्यात वाफवा. पाणी आधी उकळा, पाव जाळीवर ठेवा, झाकणाखाली फडकं बांधा म्हणजे थेंब पडणार नाहीत. गोठलेल्या पावाला तीन मिनिटं पुरतात. जास्त ठेवलात तर बूड चिकट होतं. पावभाजीसाठी पाव १५ मिनिटं पिशवीतच बाहेर ठेवा, मग कापून लोण्यावर शेका. एअर फ्रायरमध्ये १६० अंशांवर चार ते पाच मिनिटं, वरून पाण्याचा हात फिरवून.

मायक्रोवेव्ह घाईत चालतो: स्लाइस ओलसर कागदी रुमालात, १० ते १५ सेकंद. त्यापुढे गेलात की ती आधी रबरासारखी आणि गार झाल्यावर दगडासारखी होते. आणि फॉइल काढायला विसरू नका.

अख्खा लोफ हवाच असेल तर बंद पिशवीत ओट्यावर तीन ते चार तास ठेवा. पिशवी उघडायची घाई करू नका. आपल्याकडच्या दमट हवेतलं पाणी गार वस्तूवर लगेच जमतं. पिशवी बंद असेल तर ते पिशवीवर जमतं, उघडी असेल तर ब्रेडवर. ओव्हन असेल तर फॉइलमध्ये गुंडाळून १६० अंशांवर २५ ते ३० मिनिटं, शेवटची पाच मिनिटं फॉइल उघडून.

ब्रुनचं कवच पापुद्रे होऊन का गळतं?

गोठताना आणि वितळताना कवच आणि आतला गर कमी-जास्त प्रमाणात आकसतात आणि एकमेकांपासून सुटतात. त्यात कवच आधीच कोरडं असतं. ब्रुन गोठवायचाच असेल तर दोन आठवड्यांत वापरा आणि भाजण्याआधी वरून ओला हात फिरवून १८० अंशांवर सहा ते आठ मिनिटं द्या. खरं सांगायचं तर ब्रुन त्याच दिवशी खावा.

वीज गेली आणि ब्रेड सुटला. परत गोठवू का?

साधा ब्रेड मऊ पडलेला पण अजून गार आणि कोरडा असेल तर परत गोठवायला हरकत नाही, मात्र पोत आणखी एक पायरी उतरतो. त्यापेक्षा दोन दिवसांत टोस्ट करून संपवा. पिशवीत पाणी जमलं असेल तर परत ठेवू नका. चीज, खिमा, अंडं किंवा क्रीम भरलेलं काही असेल आणि ते पूर्ण सुटून काही तास झाले असतील तर टाकून द्या.

देखभालीसाठी चार-पाच तास वीज जाणार असेल तर दार उघडू नका, एवढंच. भरलेला फ्रीजर अर्ध्या रिकाम्यापेक्षा बराच जास्त वेळ थंड राहतो. जागा मोकळी असेल तर पाण्याच्या बाटल्या तीन-चतुर्थांश भरून गोठवून ठेवा. एका दाराच्या फ्रिजमधला छोटा कप्पा मात्र लवकर सुटतो.

गणपतीला दहा दिवस गावी जातो. ब्रेड आत ठेवून गेलो तर चालेल?

फ्रिज चालू ठेवणार असाल तर चालेल. जाण्याआधी वाटीभर पाणी गोठवा आणि बर्फावर एक नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं वरच असेल तर फार वेळ वीज गेली नव्हती. तळाशी गेलं असेल तर मधल्या काळात सगळं वितळून पुन्हा गोठलंय. साधा ब्रेड पाहून ठरवा, मासळी-मटण टाका.

पिशवी बर्फाला चिकटून बसली आहे.

सुरीने खरवडू नका. एका दाराच्या फ्रिजमध्ये कप्प्याची भिंत म्हणजेच गॅसच्या नळ्या असलेला पत्रा असतो. त्याला भोक पडलं की गॅस जातो आणि दुरुस्तीचा खर्च शंभर ब्रेडच्या वर. फ्रिज बंद करा, कप्प्यात कोमट पाण्याचं भांडं ठेवा, दहा-पंधरा मिनिटांत पिशवी सुटते. पुढच्या वेळी पाकिट बाहेरून पुसून कोरडं ठेवा.

काय गोठवू नये?

काकडी-टोमॅटोचं सँडविच, मेयोनीजचं सारण, उकडलेल्या अंड्याचं सँडविच, क्रीम बन. भाज्यांचं पाणी सुटतं, मेयोनीज फुटतं, अंड्याचा पांढरा भाग रबरी होतो. भरलेला वडापावही नको. वडे वेगळे गोठवा, पाव वेगळे. खारी, टोस्ट आणि बेकरीतले कडक बटर यांना फ्रीजरची गरजच नाही. त्यांच्यात पाणी फारच कमी असतं म्हणून ती टिकतात, घट्ट डबा पुरे.

पोळ्या, भाकऱ्या?

पोळ्या चालतात. पूर्ण गार करून, मध्ये बटर पेपर घालून, दोन-तीन आठवडे. ज्वारी-तांदळाच्या भाकरीत ग्लुटेन (गव्हातलं पीठ धरून ठेवणारं चिवट प्रथिन) नसतं, म्हणून ती वितळल्यावर चिरते.

गोठवून भाजलेल्या ब्रेडने साखर कमी वाढते, हे खरं का?

या चर्चेमागे ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठाचा २००८ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. पांढरा ब्रेड गोठवून, वितळवून आणि भाजून खाल्ल्यावर रक्तातली साखर ताज्या ब्रेडपेक्षा कमी वाढलेली त्यात आढळली. स्टार्चचा काही भाग घट्ट होऊन पचायला अवघड होतो, असं त्याचं कारण सांगितलं जातं. पण तो प्रयोग फक्त १० निरोगी माणसांवर झाला होता. मधुमेह असेल तर एवढ्यावरून एक स्लाइस वाढवू नका.

कडा आणि उरलेले तुकडे?

फ्रीजरमध्ये एक पिशवी त्यांच्यासाठीच ठेवा आणि जमतील तसे टाकत जा. भरली की तुकडे गोठलेलेच मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. मऊ ब्रेडचा गोळा होतो, गोठलेल्याचा सुटा चुरा पडतो. हा चुरा पुन्हा पिशवीत भरून ठेवा आणि पॅटिस घोळवताना न वितळवता वापरा. कोरडा चुरा हवा असेल तर कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटं परता आणि गार झाल्यावर बरणीत भरा. त्याला मग फ्रीजरही लागत नाही.